झाकणावरची खूण

२ मार्च, सोमवार

थांबल्या!

अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं येतंय. येऊ दे. चिंगी असलेल्या पेशी थांबल्या! केंद्रकं फुगून टम्म झाली, आता एकाची दोन होणार, आता होणार म्हणून मी श्वास रोखून बसले — आणि त्या तशाच बसून राहिल्या. शेजारच्या वाट्यांमधल्या साध्या पेशी मात्र एकाच्या दोन, दोनाच्या चार, आपल्या मजेत.

मॅडम नेहमी म्हणतात, साध्या मराठीत सांगता आलं नाही तर समजा तुम्हालाच कळलेलं नाही. म्हणून आधी साध्या मराठीत लिहिते, मग नाचते. चामखीळ आणणाऱ्या विषाणूंचं एक मोठं खानदान आहे. त्यातले काही नामचीन गुंड, थेट कॅन्सरपर्यंत नेणारे. त्यांच्यावर जगभर काम चालतं. आमचा विषाणू त्याच घरातला, पण सभ्य समजला जाणारा. त्याचं एक इवलंसं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरून बसतं. तिथे बसून ते करतं काय, कुणालाच धड माहीत नाही. त्याचं कागदावरचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, म्हणून मी त्याला चिंगी म्हणते. मॅडमचं गेल्या पंधरा वर्षांचं म्हणणं असं की ही चिंगी पेशीचं विभाजन थांबवते, म्हणजे विषाणूला आत निवांत बसून स्वतःच्या प्रती काढता येतात. पुरावा नव्हता. आज मिळाला!

चिंगी डोळ्यांना दिसत मात्र नाही. तिला चमकणारी शेपूट जोडली की ती रुसते, कामच करत नाही. त्यामुळे चमकतात ती फक्त केंद्रकं, आणि ती सगळ्याच वाट्यांमध्ये सारखी. कोणत्या वाटीत चिंगी आहे ते कळतं फक्त जागेवरून. चोवीस वाट्यांची प्लेट, डाव्या अर्ध्या भागात चिंगीवाल्या पेशी, उजव्या अर्ध्यात साध्या, आणि उजवीकडची अगदी शेवटची वाटी माझ्या सवयीप्रमाणे रिकामी. शुक्रवारी प्लेट मायक्रोस्कोपवर चढवली आणि दर मिनिटाला एक फोटो लावला. मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मामा वैतागले. दहा मिनिटांना एक फोटो पुरतो, म्हणे, लग्नाचा अल्बम काढताय का? पण मला एक क्षणही चुकवायचा नव्हता.

पहिल्या वाटीचा व्हिडिओ नुसता काळा आलाय. फोकस गेला असणार. जाऊ दे, उरलेल्या अकरा वाट्या आहेत की!

३ मार्च, मंगळवार

मॅडमनी व्हिडिओ तीनदा पाहिला. दुसऱ्या वेळी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी खुर्चीच्या मागे उभी, नखं खात.

माझा करार या महिन्याच्या एकतीस तारखेला संपतो. पंचवीसला समिती बसणार आहे. समितीपुढे ठेवण्यासारखं काही नसेल तर चिंगीचं काम बंद आणि मी घरी — हे मॅडमनी मला जानेवारीतच सांगून ठेवलं होतं, आडपडदा न ठेवता. तेव्हापासून रोज सकाळी दात घासताना मी मनातल्या मनात नोकरीचे अर्ज लिहीत असते. आज व्हिडिओ संपला तशा मॅडम खुर्ची वळवून म्हणाल्या, “आता बघतेच तुला कोण काढतं ते.”

एवढंच. पण मॅडमच्या तोंडून एवढं म्हणजे दुसऱ्या कुणी खांद्यावर घेऊन मिरवल्यासारखं आहे. समितीसाठी विषयाचं नावसुद्धा त्यांनी लगेच कळवून टाकलं: विभाजन थांबवणारं प्रथिन.

माझ्या शेजारच्या टेबलावर शंकासुर बसतो. त्याचं खरं नाव आता त्याच्या पगाराच्या चिठ्ठीलाच माहीत. काहीतरी शंका काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. आज त्याने विचारलं, पुन्हा करून पाहिलंस का? चिंगीवाल्या पेशी संपल्यात, नव्या तयार व्हायला दोन आठवडे लागतील, मी म्हटलं. मग दोन आठवडे नाचू नकोस, तो म्हणाला.

मी जिन्यात जाऊन नाचले.

५ मार्च, गुरुवार

मामांनी आपण होऊन व्हिडिओ बघायला मागितला. मामांनी! ज्यांना स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला वेळ झाला नाही अजून!

८ मार्च, रविवार

ताईकडे गेले होते. फोनमध्ये व्हिडिओ भरून नेला.

ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तिच्या गाडीला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. बारा वर्षांत तिचा उजवा पाय इतका सवयीचा झालाय की जेवताना भावोजींनी मीठ जास्त घेतलं तरी टेबलाखाली तिचा पाय दाबला जातो.

गेल्या महिन्यात तिने गर्भाशयाच्या तोंडाची नेहमीची तपासणी केली, त्यात विषाणू सापडला. रिपोर्टवर त्याचा प्रकार लिहिलेला होता. मी बघते तर काय — आमचाच! दोन वर्षं मी ज्याच्या मागे हात धुऊन लागलेय तो माझ्या सख्ख्या बहिणीकडे मुक्कामाला! मला खरं तर हसूच आलं, मग ताईचं तोंड बघून आवरलं. डॉक्टरांनी येत्या गुरुवारी भिंगातून नीट बघायला बोलावलंय. ताई म्हणते मी कशाला घाबरू, पण कांदा चिरताना दोनदा बोट कापून घेतलं आणि भावोजी गावाला गेलेत हे मला तीन वेळा सांगितलं.

मग मी तिला हसवायचं ठरवलं. सोफ्यावर बसवलं आणि दाखवलं सगळं. बघ, हे ठिपके म्हणजे केंद्रकं. ह्या साध्या पेशी, ह्या चिंगीवाल्या. हा आमचा विषाणू त्या खानदानातला सभ्य भाऊ आहे, गुंड वेगळे. गुंड पेशींना सुसाट सोडतात. आमची चिंगी उलट त्यांना थांबवते.

“म्हणजे तुझी चिंगी माझ्यासारखी,” ताई म्हणाली. “पोरगं सुटलं की शेजारून ब्रेक दाबते.”

“अगदी तशीच!”

इतकं चपखल मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं! समितीपुढे हेच वापरणार. मग गुरुवारचं काय, असं काहीतरी ताई विचारत होती, पण तेवढ्यात माझी लाडकी पेशी आली, तिसऱ्या वाटीतली, फुग्यासारखी झालेली, आणि मी ओरडलेच की बघ बघ, कशी थांबलीय! ताई हसली. मोकळं हसली, कितीतरी दिवसांनी. निघताना डब्यात काय काय भरून दिलं. तिचा चेहरा उतरलेला होता तो आता निवळला होता. येताना बसमध्ये मी स्वतःवर बेहद्द खूश.

१२ मार्च, गुरुवार

नव्या चिंगीवाल्या पेशी जोमात आहेत. पुढच्या आठवड्यात प्लेट लावता येईल.

आज ताईची तपासणी होती बहुतेक. फोन करायचा राहूनच गेला. उद्या करते.

१३ मार्च, शुक्रवार

समितीपुढे बोलायचं ते आरशासमोर बोलून पाहिलं. ब्रेकवाल्या वाक्याला आरसा हसला!

१६ मार्च, सोमवार

काय लिहू.

सकाळी मामांचा फोन. मायक्रोस्कोपच्या कॉम्प्युटरवर जागा उरलेली नाही, तुमच्या त्या मिनिटा-मिनिटाच्या अल्बमने सगळं गिळलंय, नको ते उडवा. मी खाली गेले. म्हटलं, रिकाम्या वाटीचा व्हिडिओ पहिला उडवू, त्यात असणार काय. चोवीस नंबर. उडवण्याआधी सहज उघडला.

पेशी होत्या.

रिकाम्या वाटीत पेशी! भरपूर, चमकत, मजेत एकाच्या दोन होत असलेल्या. मी नंबर पुन्हा पाहिला. चोवीसच. मग पहिल्या वाटीचा तो काळा व्हिडिओ उघडला आणि शेवटपर्यंत बघितला. त्याचा फोकस गेला नव्हता. तीच वाटी रिकामी होती.

प्लेट उलटी ठेवली गेली होती. पुढची बाजू मागे.

फ्रिजमध्ये ती प्लेट अजून होती. धावत जाऊन काढली. ह्या वेळच्या प्लेट नव्या कंपनीच्या, स्वस्तातल्या. एक कोपरा कापलेला असतो तसा नाही, बुडाची बारीक अक्षरं सोडली तर कुठूनही धरा, सारखीच दिसते. म्हणून मी मार्करने बाण काढला होता. झाकणावर! लॅबमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात, लिहायचं ते प्लेटच्या अंगावर, झाकणावर कधी नाही, कारण झाकण फिरतं. मी स्वतः हे नव्या मुलींना सांगते, वर तोंड करून. पेशींचं खाद्य बदलताना झाकण काढलं, परत लावताना ते उलटं बसलं, आणि मी शहाणी बाणाकडे बघून प्लेट चढवून मोकळी.

म्हणजे थांबल्या त्या साध्या पेशी. आणि मजेत दोनाच्या चार होत होत्या त्या चिंगीवाल्या.

चिंगी काही थांबवत नाही. मॅडमनी नाव कळवलंय. पंचवीस तारीख तोंडावर आली.

१७ मार्च, मंगळवार

मॅडमना सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर उठता आलं नसतं.

त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडल्या नाहीत. खिडकीतून समोरच्या पार्किंगकडे बघत राहिल्या. एक गाडी मागे घेता घेता तिघांना त्रास देत होती, ती एकदाची बाहेर पडली. मला वाटलं आता राजीनामाच मागतील. मग त्यांनी विचारलं, समितीच्या अध्यक्षांना तू कळवतेस की मी कळवू. मी म्हटलं मी कळवते. नको, त्या म्हणाल्या, उद्या बघू, उद्या सकाळी ये.

बाहेर आले तर शंकासुर. त्याच्या कानावर गेलं होतं. आता हा “सांगितलं होतं” म्हणणार म्हणून मी दात आवळले. त्याने नुसता माझ्यासाठी चहा आणून ठेवला. त्याने मला ऐकवलं असतं तर परवडलं असतं!

१८ मार्च, बुधवार

चहा घेताना शंकासुराला शंका आलीच. देव त्याचं भलं करो, त्याला जन्मभर शंका येवोत!

“ठीक आहे, उलटी होती प्लेट,” तो म्हणाला. “पण मग साध्या पेशी का थांबल्या? त्यांनी कशाला थांबायचं?”

मी कप खाली ठेवला. खरंच की! साध्या पेशींना कुणी काही केलं नव्हतं. त्यांनी खुशाल वाढायचं. दोन दिवस मी चिंगीच्या नावाने रडतेय आणि साध्या पेशींकडे बघितलंच नाही. त्या निरोगी असून थांबल्या, एकूण एक! कुणीतरी त्यांना दुखवलं होतं. कोणी?

मी.

मी आणि माझा अल्बम! दर मिनिटाला तो निळा प्रखर दिवा. मामा दहा मिनिटांना एक म्हणत होते ते काय उगाच? त्या प्रकाशाने पेशी भाजतात. केंद्रकातला डीएनएचा धागा जागोजागी तुटतो. धागा तुटला की शहाणी पेशी विभाजन थांबवते, आधी डागडुजी, मग पुढचं. साध्या पेशींनी तेच केलं. बरोबर केलं! पण तोच दिवा चिंगीवाल्या पेशींवरही होता. तेवढाच. त्यांचेही धागे तुटले असणार. आणि त्या थांबल्या नाहीत!!

मी शंकासुराला मिठी मारली. त्याचा चहा सांडला. त्याला आता ह्या मिठीचीही शंका येणार.

मॅडमच्या खोलीत दार न वाजवता शिरले, धाप लागलेली, अर्धं सांगितलं अर्धं हातवारे. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचं पेन टेबलावर टकटक वाजायचं थांबलं. पंधरा वर्षांचं म्हणणं उलटं होत होतं त्यांचं. मला ते मध्येच लक्षात आलं आणि हातवारे करणारे हात खाली आले.

“पुन्हा कर,” मॅडम म्हणाल्या. “आजच. अर्ध्या वाट्यांना दर मिनिटाला, अर्ध्यांना दर दहा मिनिटांनी. आणि प्लेट मी ठेवते.”

आणि खरंच आल्या! गेली कित्येक वर्षं त्यांनी प्लेटला हात लावलेला नाही. पांढरा कोट कपाटाच्या तळातून काढला, त्याला घड्या पडलेल्या. प्लेटच्या अंगावर स्वतः बाण काढला, प्लेट डोळ्यांजवळ नेऊन बुडाची बारीक अक्षरं वाचली, मग मामांना वाचायला लावली, मग मला. मामा सावधान उभे. दुपारी चारला कॅमेरा सुरू झाला. मॅडमच्या बाहीवर मार्करचा निळा डाग पडला होता, तो त्यांनी पुसला नाही.

१९ मार्च, गुरुवार

वाट बघणे. तीन वेळा खाली गेले. मामांनी दाराला आतून कडी लावली.

२१ मार्च, शनिवार

आलं! आलं! आलं!

सुट्टी असून सगळे हजर. शंकासुर तर इस्त्रीचा शर्ट घालून. अंधाऱ्या खोलीत चौघांची डोकी एका पडद्याला चिकटलेली.

दहा मिनिटांवाल्या कमी प्रकाशात — साध्या पेशीही वाढल्या, चिंगीवाल्याही वाढल्या. काही फरक नाही.

मिनिटामिनिटाच्या प्रखर प्रकाशात साध्या थांबल्या. आणि चिंगीवाल्या चालत राहिल्या. तुटलेल्या धाग्यांसकट, भाजलेल्या अंगाने, एकाच्या दोन! नीट बघितलं तर ती विभागणीसुद्धा धड नाही. धाग्याचे तुकडे मध्येच लोंबतात, एकीला जास्त जातं, दुसरीला कमी, आणि नव्या केंद्रकांच्या शेजारी चुरा पडून राहतो. तोच चुरा घेऊन ती पेशी पुढच्या विभाजनाला तयार!

चिंगी ब्रेक दाबत नाही. चिंगी ब्रेकची तार कापते! एरवी रस्ता सरळ असतो तेव्हा कुणाला पत्ताही लागत नाही, म्हणून तर इतकी वर्षं तो सभ्य म्हणून मिरवला. ब्रेक लागायची वेळ आली की मग कळतं. आणि मी दिव्याचा अतिरेक केला नसता तर ब्रेकची वेळच आली नसती, आणि आम्ही अजून शंभर वर्षं त्याला सभ्यच म्हणत बसलो असतो!

मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, “पंधरा वर्षं मी हे उलटं शिकवलंय.” आणि हसायला लागल्या. त्या अशा हसतात हे मला माहीतच नव्हतं. त्यांना खोकला लागला, मामांनी पाणी आणलं.

मला रडू आलं. आनंदाचंच. किती वेळ आवरत नव्हतं.

२२ मार्च, रविवार

आज एक काम निपटलं. ज्यांच्या-ज्यांच्यापुढे “थांबवते, थांबवते” म्हणून नाचले होते त्या सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन, वरच्या मजल्यावरच्या लॅबला मेल, शंकासुराच्या बायकोलासुद्धा, तिला मी जिन्यात गाठून व्हिडिओ दाखवला होता. मॅडमनी समितीला नवीन नाव कळवलं. झाकणाची गोष्टही सांगितली सगळ्यांना, लपवलं नाही. मैत्रीण पोट धरून हसली. कुणी राहिलं नाही आता. हलकं हलकं वाटतंय, आणि भूक प्रचंड.

२५ मार्च, बुधवार

दोन वर्षं वाढवून मिळाली!!

समितीतले सगळ्यात वयस्कर सर चेहऱ्यावरची माशीही हलू न देता बसले होते. मी ताईच्या गाडीचं सांगितलं, दोन ब्रेकची गाडी, शेजारचा ब्रेक आणि त्याची कापलेली तार, तेव्हा ते पुढे वाकले. मग प्रश्नांवर प्रश्न. हा विषाणू असलेल्या माणसांना आपण इतके दिवस काय सांगत आलो, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका पण लक्ष ठेवा, असं. आता लक्ष ठेवा हे जरा मोठ्याने सांगावं लागेल. प्लेटमधल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, अजून बरंच काम आहे, हेही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावत होते आणि मनात दोन वर्षांचे बेत शिजत होते.

ताईला मेसेज टाकला: नोकरी टिकली, तुझ्या ब्रेकमुळे! तिने उलट दहा-बारा हसरे चेहरे पाठवले. शनिवारी केक घेऊन जाते.

२८ मार्च, शनिवार

केक घेऊन गेले. तिने सुरी आणली. मी म्हटलं, अगं, खरी गंमत तर तुला सांगितलीच नाही, सगळं उलटंच निघालं, चिंगी ब्रेक दाबत नाही, कापते! ताईची सुरी केकवर तशीच राहिली.

“पण तू तर म्हणालीस दाबते,” ती म्हणाली. “म्हणून मी त्या गुरुवारी गेलेच नाही.”

सोमवारी सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. गाडी तीच चालवणार म्हणते. मी शेजारी बसेन, दुसऱ्या ब्रेकच्या बाजूला.